कडक म्हणजे नेमकं काय?

मराठीत चहाबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण त्या लिखाणात चहाची चव फारशी येत नाही. पाऊस येतो, भजी येतात, कट्टा येतो, हॉस्टेलमधलं जागरण येतं, कुणाची तरी आठवण येते. ‘चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो’ हे वाक्य मोशीपासून चाकणपर्यंत इतक्या दुकानांच्या भिंतींवर वाचलंय की आता ते डोळ्यांना दिसतही नाही. वाक्य चांगलंच आहे. पण नीट पाहिलं तर ते वेळेबद्दल आहे, चहाबद्दल नाही.

मिसळीवर आपण तास-तास भांडतो. कट कसा, मटकी की वाटाणा, पाव की ब्रेड, पुणेरी की कोल्हापुरी. आंब्यावर तर घरं फुटायची वेळ येते. चहावर मात्र आपल्याकडे एकच निकष आहे, तो म्हणजे कडक. ‘मामा, एक कडक द्या.’ ‘आज कडक नव्हता राव.’ चहाच्या मराठी समीक्षेचा सगळा शब्दकोश एवढाच.

मग हा शब्द नेमकं काय मोजतो? आंबेठाण चौकातल्या टपरीवर मी सोबतच्या पोरांना सहज विचारलं. एक म्हणाला, रंग गडद पाहिजे. दुसऱ्याला घशाला झोंबणारं आलं पाहिजे होतं. तिसऱ्याच्या मते दूध कमी. चौथ्याच्या मते साखर जास्त, म्हणजे कडक आणि गोड यांत त्याला काही विरोध दिसत नव्हता. पाचवा म्हणाला, झोप उडाली पाहिजे, बास. आमच्या धंद्यात एकच व्हेरिएबल पाच ठिकाणी पाच अर्थांनी वापरला तर रिव्ह्यूमधून कोड परत येतो. चहाच्या बाबतीत मात्र तो गेली कित्येक दशकं बिनबोभाट चाललाय.

मला हा प्रश्न पडायचं कारण कॉफी. आमच्या यवतमाळकडच्या घरात कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, भरपूर दुधाची, पाहुणे रात्री थांबले तरच होणारी गोष्ट. इंजिनिअरिंगला आल्यावर ती सबमिशनच्या रात्रीची झाली आणि नोकरी लागल्यावर मशिनच्या बटणाची. चाकणच्या ज्या प्लांटसाठी मी सॉफ्टवेअर लिहितो, तिथे वरच्या मजल्यावर कॉफीचं मशिन आहे आणि खाली शॉप फ्लोअरला नळ असलेला चहाचा स्टीलचा ड्रम. कुणी नियम केलेला नाही, पण कॉलरचा रंग बघून कुणाच्या हातात काय असेल ते सांगता येतं. दीड वर्षापूर्वी मी खालच्या ड्रमकडे वळलो. अमेरिकेतल्या टीमसोबतचे कॉल रात्री साडेनऊला सुरू होतात, आणि कॅफिन अंगातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी साडेपाचला घेतलेली कॉफी साडेदहालाही अर्धी जागी असते.

‘कॉफी सोडा, चहा घ्या, कॅफिन कमी होईल’ हा सल्ला सगळेच देतात. पण तो तसाच्या तसा खरा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात १५० मिली कपाचे आकडे आहेत: ब्रू केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३००. म्हणजे ऑफिसच्या मशिनमधली इन्स्टंट कॉफी आणि भरपूर पत्तीचा चहा यांत कधीकधी काहीच फरक नसतो. फरक करतो तो कप. टपरीवरचं कटिंग सत्तर-ऐंशी मिलीचं असतं, त्यामुळे एका वेळी पोटात जातं ते निम्मं. आपल्या झोपेचं थोडंफार रक्षण पत्तीने नाही, काचेच्या त्या छोट्या ग्लासने केलंय.

तरी मी चहावर थांबलो, आणि ते मिलिग्रॅमसाठी नाही. कॉफीकडून मला एकच गोष्ट हवी असायची: किती जोरात जागं ठेवतेस? तोच प्रश्न मी चहाला विचारायला लागलो आणि लक्षात आलं की ‘कडक’ हा शब्दसुद्धा तेवढंच विचारतो. चहा कसा आहे हे नाही, तो आपल्याला काय करतो हे. एखाद्या गाण्याबद्दल फक्त ‘आवाज मोठा होता’ असं सांगावं, तसं हे आहे.

हा शब्द असा का झाला, त्याला इतिहास आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळींसमोर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं ठेवली आणि त्यावरून जे ग्रामण्य झालं, ते प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आज गंमत वाटते. पण तिथेही वाद चहा कुणाच्या हातचा यावर होता. चव हा मुद्दाच नव्हता. त्या काळी चहा साध्या घरांत पोचलेलाही नव्हता. तो पोचवला मळेवाल्यांनी. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांमध्ये चहाचे स्टॉल लागले, मालकांना कामगारांना चहाची सुट्टी द्यायला पटवलं गेलं. लिझी कॉलिंगहॅम यांच्या ‘करी’ या पुस्तकात हा भाग वाचताना मला सारखी आमच्या प्लांटची साडेदहाची घंटा आठवत होती. आपल्याला वाटतं चहाची सुट्टी कामगाराने मिळवली. काही ठिकाणी तसं असेलही, पण सुरुवातीला ती चहा विकण्याची युक्ती होती.

त्या प्रचारात चहा कसा करायचा याचे धडेही होते. भांडं गरम करा, माणशी एक चमचा पत्ती, उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं झाकून ठेवा, दूध-साखर नंतर. आपल्या चहावाल्यांनी यातलं जवळपास काहीच ऐकलं नाही. दूध जास्त घातलं, सगळं एकत्र उकळलं, वरून आलं-वेलची ठेचून टाकली. मळेवाल्यांच्या लोकांना याचा राग यायचा, कारण अशा चहाला पत्ती कमी लागते. ज्याला आपण ‘अस्सल भारतीय चहा’ म्हणून मिरवतो तो सूचना धुडकावून तयार झालाय, ही मला चहाबद्दलची सगळ्यात आवडती गोष्ट आहे. १९४७ चं अन्नदा मुन्शी यांचं पोस्टर प्रसिद्ध आहे: चरख्याजवळ बसलेली स्त्री आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचा दावा. चित्र सुंदर आहे, दावा धीट. चहा खरा स्वदेशी केला तो त्या पोस्टरने नाही, पातेल्यात सगळं एकदम ओतणाऱ्या माणसाने.

मग आली सीटीसी. पान चिरडायचं, फाडायचं, वळायचं, की त्याचे बारीक गोल दाणे होतात. हे यंत्र १९३० च्या दशकात आसाममध्ये आलं, पण सगळीकडे पसरलं ते स्वातंत्र्यानंतर. दाणे पटकन रंग सोडतात, किलोमागे जास्त कप निघतात आणि दुधासमोर टिकतात. आज देशातला बहुतेक चहा असाच बनतो. फिलिप लुटगेनडॉर्फ या अभ्यासकाने २०१२ च्या एका निबंधात मांडलंय की गल्लोगल्ली मिळणारा आपला चहा हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, या स्वस्त दाण्यांच्या जोरावर पसरलेला प्रकार आहे. मला ते पटतं. आपल्या पट्ट्याचा काळही तोच. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ ला उभी राहिली, एमआयडीसी १९६२ ची, पुढच्या काही वर्षांत वाहनांचे कारखाने आले. कारखाना आणि कडक चहा इथे साधारण एकदमच मोठे झाले. ‘कडक’ हा स्वयंपाकघरातला शब्द वाटतो, पण आज त्याचं वजन शिफ्टचं आहे.

एवढं सांगून मी सीटीसीला नावं ठेवणार, अशी तुमची अपेक्षा असेल. पानाच्या चहाचे शौकीन तसंच करतात. सीटीसी म्हणजे झाडलोट, खरा चहा म्हणजे अख्खं पान, दूध घालणं म्हणजे अडाणीपणा. ही समीक्षा मला भिंतीवरच्या सुविचारांइतकीच आळशी वाटते. सीटीसी दुधासाठी आहे, तिला दुधाबरोबरच जोखायला हवं. आणि त्यासाठी शब्द बाहेरून आणायची गरज नाही. आपल्याकडे सहा रसांमध्ये तुरट हा स्वतंत्र रस आहे. कच्चं केळं, जांभूळ, सुपारी खाल्ली की जिभेला जी ओढ बसते ती. तुरट आणि कडू यांतला फरक मराठी माणसाला पाचव्या वर्षी कळतो. चहा समजून घ्यायला एवढा फरक जवळपास पुरतो: चांगला चहा तुरट असतो, जास्त उकळलेला कडू होतो.

चिंचवडमध्ये सुटी चहापत्ती विकणारी दुकानं अजून आहेत. तिथे ‘ममरी’ मागितली की गोल, जाड दाण्यांची सीटीसी मिळते. ‘डस्ट’ मागितली की हॉटेलवाले नेतात ती बारीक भुकटी. मी दोन्ही पाव-पाव किलो आणून आठवडाभर एकाच पद्धतीने करून पाहिल्या. पाण्याला आधण आलं की पत्ती, दोन मिनिटं मंद उकळी, दूध वेगळं तापवून शेवटी, साखर नाही. ममरीचा चहा भरीव लागतो. तुरटपणा असतो, पण दूध पडताच त्याची धार बोथट होते, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट घटकांना धरून ठेवतं. डस्ट अर्ध्या मिनिटात विटेसारखा रंग देते आणि त्यानंतर तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. चार मिनिटं उकळली की कडू. टपरीवर ती वापरतात यात चूक नाही. घंटा झाल्यावर दहा मिनिटांत पन्नास माणसांना चहा द्यायचा तर रंग लगेच लागतो. घरी मात्र तिचं काही काम नाही.

अमृततुल्यचं काय? राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी पुण्यात ही दुकानं रुजवली. नावं बहुधा शंकराची, पातेलं पितळेचं, वेलची-आलं तिथेच कुटलेलं, चहा कापडातून गाळलेला. जुन्या दुकानांतला चहा मला आवडतो, पण तो चहा म्हणून नाही. तो दुधाचा एक गोड पदार्थ आहे, ज्यात चहापत्ती मसाल्यासारखी वापरलीय. बासुंदीत वेलची असते म्हणून आपण तिला वेलचीचं पेय म्हणत नाही. जुन्या दुकानांत निदान प्रमाण असायचं, आल्याने वेलचीला खाल्लेलं नसायचं. गेल्या काही वर्षांत स्पाइन रोडपासून नाणेकरवाडीपर्यंत एकसारख्या बोर्डांची जी दुकानं निघाली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सगळं एका पुडीतून येतं. चहा सगळीकडे सारखा लागतो. फ्रँचायझीसाठी ते यश असेल, पिणाऱ्यासाठी नाही.

गुळाच्या चहाला मी चव म्हणून चांगले गुण देईन. गुळाचा खमंगपणा आसामच्या पत्तीला शोभतो. पण दुकानावर लिहिलेलं ‘आरोग्यदायी’ सोडून द्या. गूळ हीसुद्धा साखरच.

आता बिनदुधाचे. आमच्या गावाकडे कोरा चहा ही घरात दूध नसल्याची खूण. पाहुण्यासमोर तो ठेवताना आईचा चेहरा उतरायचा. शहरात तोच चहा काचेच्या किटलीत आला की उच्च अभिरुचीचा होतो. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

कोऱ्या चहाची सुरुवात करायची तर मी नीलगिरी सुचवेन. कुन्नूरच्या बाजूचा पानाचा चहा स्वच्छ लागतो, फार तुरट नसतो, लिंबू पिळलं तरी मोडत नाही, आणि दरही परवडतो. उन्हाळ्यात गार करून बाटलीत भरून नेता येतो. आसामचा पानाचा चहा, विशेषतः मे-जूनच्या तोडणीचा, याच्या उलट: जड, गडद. त्याच्या वासाला इंग्रजीत जो शब्द वापरतात तो मोड आणलेल्या धान्याचा आहे, आणि आपल्याकडे त्यासाठी नेमकी गोष्ट आहे, नाचणी सत्त्व. लहानपणी ते प्यायलं असेल तर आसामच्या कपात नाक घातल्यावर ओळख पटते. हा एकच पानाचा चहा मला थोड्या दुधातही चालतो.

दार्जिलिंगचं नाव सगळ्यांना माहीत असतं. २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला देशातला पहिला माल तो. मार्च-एप्रिलची पहिली तोडणी जास्त नावाजली जाते आणि महागही असते. माझ्या मते ती गरजेपेक्षा जास्त नावाजलीय. हिरवट, पातळ, आणि किंमत आठवत राहते. दुसरी तोडणी, मे-जूनची, ही खरी मजा. पिकून किंचित सुकायला लागलेल्या द्राक्षांचा वास येतो. नारायणगावच्या बाजूने द्राक्षांच्या हंगामात गेला असाल तर कळेल. हा वास येण्यामागे एका किडीचा हात आहे. तुडतुडे कोवळ्या पानातला रस शोषतात, झाड स्वतःचा बचाव करायला सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि तीच पुढे कपात येतात. मी हे बाबांना फोनवर सांगितलं. कपाशीवरच्या तुडतुड्यांवर ते आयुष्यभर फवारण्या करत आले. ‘म्हणजे तिकडे तुडतुड्याचे पैसे येतात,’ एवढंच म्हणाले.

पैशाचं म्हणाल तर हिशेब वाटतो तितका वाईट नाही. सहाशे रुपयांचा शंभर ग्रॅमचा डबा घेतला, कपाला अडीच ग्रॅम धरलं, तर चाळीस कप होतात. कप पंधरा रुपयांना पडला. तीच पानं दुसऱ्यांदा भिजवता येतात. टपरीवरच्या स्पेशलपेक्षा महाग नाही. अडचण पैशाची नाही, तीन निवांत मिनिटांची आहे.

ग्रीन टीची पिशवी मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. हिरव्या पानाला ७५-८० अंशांचं पाणी लागतं. ऑफिसमध्ये तिच्यावर मशिनचं वाफाळतं पाणी पडतं, ती कपातच विसरली जाते आणि दहा मिनिटांनी कडू पाणी उरतं. लोक तरी पितात, कारण ते औषध समजून घेतलेलं असतं. औषधाची चव विचारायची नसते. चांगला हिरवा चहा प्यायचा तर हिमाचलमधल्या कांगड्याचा सुटा घ्यावा आणि पाणी थोडं निवू द्यावं.

या सगळ्या निवडी वरच्या मजल्यावरच्या आहेत, हे मला माहीत आहे. खालच्या ड्रमसमोर उभ्या असलेल्या माणसाला पान कोणतं हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे पहिली शिफ्ट सहाला सुरू होते. वायरिंगच्या लाइनवरच्या मुली पहाटे साडेचारला उठून कंपनीच्या बसमध्ये बसतात आणि त्यांच्यातल्या कितीतरींचा नाश्ता म्हणजे चहा आणि बिस्किटाचा पुडा. सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ च्या ‘स्वीटनेस अँड पॉवर’ मध्ये इंग्लंडच्या गिरणी कामगारांबद्दल दाखवलं होतं की साखर घातलेला गरम चहा हळूहळू गरम जेवणाची जागा घेतो. स्वस्त, झटपट, पोट भरल्यासारखं वाटतं. चाकणला ते पुस्तक न वाचताही दिसतं. पूर्ण कपाला दोन चमचे साखर म्हणजे आठ-दहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा असं सुचवते. अडीच-तीन कपांत विषय संपला.

आणि लोह. पोषण संस्थेची तीच २०२४ ची तत्त्वं सांगतात की जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नका, कारण चहातले टॅनिन अन्नातलं लोह शरीरात शोषू देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. पोहे आणि चहा ही आपली आवडती जोडी या हिशेबात नेमकी चुकीच्या वेळी येते. चहा जितका कडक, तितका जास्त अडसर. कॅन्टीनचं वेळापत्रक लावणाऱ्याने चहा नाश्त्यानंतर तासाभराने ठेवला तरी बराच फरक पडेल. त्याला खर्चही नाही.

ड्रममधल्या चहाची चव घेऊन पाहिली तर साखर इतकी का लागते तेही कळतं. चहा तासभर आधी करून ठेवलेला असतो, पत्ती डस्ट, त्यामुळे तो कडू झालेला असतो, आणि कडूपणा झाकायला साखर. झाकलेल्या कडूपणालाच लोक कडक म्हणतात. आम्ही तिघा-चौघांनी कॅन्टीन कमिटीकडे दोन गोष्टी मागितल्या: घंटेच्या जरा आधी केलेला चहा, आणि बाजूला एक बिनसाखरेचा छोटा ड्रम, साखर वेगळी. पहिली अजून झालेली नाही. दुसरी गेल्या महिन्यापासून सुरू आहे. पहिल्या आठवड्यात तो ड्रम बहुतेक भरलेलाच परत जायचा. मग लाइनवरच्या एका ताईंनी घेऊन पाहिला. दोन घोट घेतले, जीभ टाळूला लावली. ‘तुरट आहे जरा,’ म्हणाल्या, ‘पण पत्ती कळते.’ आणि अर्धा चमचा साखर घालून उरलेला प्यायल्या.